ओळ कुठे तुटते?

जुन्या मराठी पोथ्यांत ओवी सलग लिहिलेली असते. पानाच्या कडेपर्यंत अक्षरं भरायची आणि ओवी संपली की दोन दंड व क्रमांक. ओळ कागदाच्या रुंदीनं तुटे, ओवी दंडानं संपे. नक्कल करणाऱ्याचं पान अरुंद असलं तरी ओवी शाबूत. पुढे मुक्तछंद आला. त्यात यमकाची सक्ती नाही, दंडही नाही. ओळ तुटते ती जागाच काय ती खूण.

तीच कविता वेबसाइटवर कधीकधी बातमीसारखी सलग दिसते आणि खापर डेटाबेसवर फुटतं. डेटाबेस बिचारा निर्दोष असतो. आपण दाबलेला प्रत्येक एन्टर तिथे एक अदृश्य अक्षर म्हणून जपलेला असतो.

या अक्षराचं मूळ टेलिप्रिंटरमध्ये आहे. नवी ओळ सुरू करायला तिथे दोन हालचाली लागत: छपाईचा गाडा डावीकडे परत नेणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं. १९६३च्या 'आस्की' संकेतावलीत या दोन आज्ञांना १३ आणि १० हे क्रमांक मिळाले. गाडे गेले, क्रमांक राहिले. विंडोज अजून दोन्ही वापरतं, युनिक्स फक्त १०.

मग ओळी गिळतो कोण? ब्राउझर, आणि तेही नियमानुसार. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये एचटीएमएल घडवली ती निरनिराळ्या पडद्यांसाठी. लिहिणाऱ्याची ओळ कुठेही संपो, वाचणाऱ्याच्या पडद्याप्रमाणे ती नव्यानं वळावी. म्हणून मजकुरातला एन्टर म्हणजे नुसती एक मोकळी जागा. फोनवर लेख आरामात वाचता येतो तो याच नियमामुळे. गद्याची सोय झाली, कविता मधल्यामध्ये भरडली गेली.

पीएचपीत यावर 'एनएल-टू-बीआर' हे फंक्शन आलं: दाखवताना प्रत्येक एन्टरपुढे 'बीआर' हा टॅग जोडायचा. नंतर सीएसएस २.१नं 'प्री-लाइन' आणि 'प्री-रॅप' दिले. कवितेसाठी मी 'प्री-रॅप'च घेईन. 'प्री-लाइन' ओळी राखतं, पण ओळीआधी कवीनं मुद्दाम सोडलेली जागा खातं.

काही जण मात्र मजकूर साठवतानाच त्यात 'बीआर' घुसवतात. वेबसाइटवर सगळं झकास दिसतं. तोच मजकूर एखाद्या दिवशी फोनच्या नोटिफिकेशनमध्ये जातो, आणि दोन ओळींच्या मध्ये कंसात बसलेला 'बीआर' वाचकाला दिसतो.