नाव उरले, नौका गेली

४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ‘विक्रांत’ भारतीय नौदलात दाखल झाली. मूळची ती ब्रिटनची ‘हर्क्युलिस’. दुसऱ्या महायुद्धाअखेर अर्धवट राहिलेली ही विमानवाहू नौका भारताने १९५७ मध्ये विकत घेतली. डिसेंबर १९७१ मध्ये, एका बॉयलरला तडे गेलेले असतानाही, ती बंगालच्या उपसागरात युद्धास उभी राहिली. तिच्यावरील ‘सी हॉक’ विमानांनी चितगाव व कॉक्स बाजारवर हल्ले चढवले.

१९९७ मध्ये ती निवृत्त झाली. मुंबईत तिचे संग्रहालय झाले, ते २०१२ मध्ये बंद पडले. २०१४ मध्ये ती भंगारात विकली जाऊन दारूखान्यात तोडली गेली.

नौका गेली तरी तिचे नाव पुढच्या नौकेस द्यावे, ही नौदलांतली जुनी रीत. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दाखल झालेल्या स्वदेशी नौकेस तेच नाव मिळाले, तोच आर-११ हा क्रमांक आणि तेच ऋग्वेदातील बोधवाक्य. त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रूस उतरला. शिवरायांच्या राजमुद्रेवरून स्फुरलेली अष्टकोनी मुद्रा आली. क्रूस गेला, ब्रिटिश नौदलातही रुजलेली नावाची रीत मात्र आपण राखली. यात आम्हांस विसंगती दिसत नाही. परंपरा अशाच, निवडून, आपल्याशा कराव्या लागतात.

खंत वेगळीच आहे. न्यूयॉर्कमध्ये ‘इंट्रेपिड’ ही महायुद्धकालीन विमानवाहू नौका १९८२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. आम्ही नाव जपले, नौका जपली नाही. नाव वारशाने देता येते. विमाने किती तोकड्या धावपट्टीवरून झेपावली, हे मात्र त्या डेकवर उभे राहिल्यावाचून उमगत नाही.