काडतुसाला चरबी कशाला?

दरवर्षी वर्गात सत्तावनचा धडा आला की एक वाक्य मी ठरल्याप्रमाणे सांगत आलो आहे : 'नव्या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावली आहे, अशी बातमी शिपायांत पसरली.' मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जसेच्या तसे मला परत करतात. मागे एकदा मात्र शेवटच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला नि म्हणाला, "गुरुजी, पण चरबी लावायचीच कशाला? काडतूस म्हणजे काय भाकरी आहे?" वर्ग हसला. मीही हसलो. खरे म्हणजे उत्तर मला येत नव्हते. घंटा झाली म्हणून अब्रू वाचली, एवढेच!

उत्तर शोधता शोधता मी येऊन थांबलो तो अंगठ्याच्या पेराएवढ्या शिशाच्या एका गोळीपाशी.

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरावी लागे. आधी दारू ओतायची, मग गोळी टाकायची आणि गजाने ठासायची. जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि वाटोळी गोळी तिच्यात सैल बसे. त्यामुळे भरणे सोपे, पण शंभर यार्डांपलीकडे नेम म्हणजे नशिबाचा खेळ. नळीत पेचदार खाचा पाडल्या तर गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते, हे कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण त्यासाठी गोळी खाचांत घट्ट बसायला हवी. आणि घट्ट गोळी तोंडाकडून खाली दडपताना शिपायाचा घाम निघे. आत जाताना सैल आणि बाहेर पडताना घट्ट, अशी गोळी आणायची कोठून?

या कोड्याच्या उत्तराचा एक धागा आपल्याच देशात सापडतो. दक्षिण हिंदुस्थानात असलेल्या कॅप्टन नॉर्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिकडच्या लोकांची फुंकनळी पाहिली. तिच्यातल्या बाणाच्या बुडाला कमळाच्या देठाचा मऊ गाभा लावलेला असे. फुंकर मारताच तो फुगून नळीला चिकटे आणि वारा बाजूने निसटत नसे. त्यावरून नॉर्टनला बुडाशी पोकळ गोळी सुचली, अशी हकिकत सांगतात. सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातले मर्म चटकन उमगेल.

इंग्रज सरकारने नॉर्टनची गोळी नाकारली. पुढे ग्रीनर नावाच्या बंदूककाराचीही नाकारली. 1849 मध्ये फ्रान्सच्या मिनिए या अधिकाऱ्याने तेच तत्त्व वापरून निमुळत्या टोकाची, पोकळ बुडाची गोळी सिद्ध केली, तेव्हा त्याच सरकारने त्याला 20,000 पौंड मोजले. ग्रीनरला 1,000 पौंड मिळाले ते थेट 1857 साली!

या तत्त्वावर 1853 ची एन्फील्ड बंदूक तयार झाली. तिच्या नळीचा व्यास 0.577 इंच, तर गोळीचा 0.568 इंच. मधली फट एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढी! गोळीचे शिसे मऊच हवे, कारण दारूच्या भडक्याने तिचे बूड फुलून खाचांत रुतले पाहिजे. परंतु काळ्या दारूची काजळी दर बाराला नळीत साचते. ती कोरडी राहिली तर एवढ्याशा फटीतून पुढची गोळी उतरत नाही. ती मऊ राहावी, म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला ओशट लेप हवा. पोराच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते.

शिपाई दातांनी फाडायचा ते टोक दारूकडचे. लेप दुसऱ्या टोकाला. पण हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात लेप आपल्या जागी थोडाच राहतो? नळीचा व्यास हजारांश इंचापर्यंत मोजणाऱ्यांनी चरबी कोणत्या जनावराची, याची चौकशी मात्र केली नाही. जानेवारी 1857 मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली. मग शिपायांनी हवे ते मेण-तेल स्वतः लावावे, काडतूस हाताने फाडावे, असे हुकूम निघाले. तोवर संशय कागदापर्यंत पोचला होता. 24 एप्रिलला मीरतेच्या कवायतीत 90 पैकी 85 स्वारांनी काडतुसे नाकारली, ती तर जुन्याच तऱ्हेची होती! 9 मे रोजी त्यांना भर पलटणीसमोर बेड्या ठोकल्या आणि 10 मे रोजी मीरत पेटली.

केवळ एका गोळीने सत्तावन घडले, असे मी म्हणणार नाही. 1848 साली सातारचे राज्य खालसा झाले, पुढे नागपूर आणि झाशी गेली. कोठार आधीच भरलेले होते. पण माझे मन घोटाळते ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. ज्यांनी एन्फील्ड नाकारली, त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढे जुन्याच गुळगुळीत नळीच्या बंदुका घेऊन एन्फील्डच्याच माऱ्यासमोर उभे राहावे लागले. हातातली बंदूक शंभर यार्डांची आणि समोरची कित्येक पटींनी लांब पल्ल्याची. शिपायाला बंदुकीतले कळत नव्हते असे कोण म्हणेल?

1859 साली सरकारने गोळी बारीक केली : 0.55 इंच. फट तिप्पट झाली, भरणे सोपे झाले आणि लेपात मेणाचा वापर आला. एवढे आधीही करता आले असते.

त्यानंतरच्या वर्षी सत्तावनचा धडा आला, तेव्हा मी वर्गात सायकलचा पंप घेऊन गेलो. वायसर काढून मुलांच्या हाती फिरवला. त्याला तेल कशाला लावतात, हे साऱ्यांनी बरोबर सांगितले. मग एका मुलीने विचारले, "पण गुरुजी, कुठले तेल चालेल, हे त्यांनी शिपायांना आधीच का नाही विचारले?"

या खेपेस घंटेला अजून बराच अवकाश होता. धडा मी तेथूनच सुरू केला.