दुनळी बंदुकीचा जीर्णोद्धार

शस्त्रांचा इतिहास लिहितांना लढाया आणि सेनापति यांचीच गणना होते. शस्त्र घडविणाऱ्या हातांची आठवण क्वचितच निघते. इंग्लंडांतील जुन्या दुनळी बंदुकांना नव्या नळ्या बसविण्याची विद्या हें या विस्मृत इतिहासाचें एक लहानसें पण बोधप्रद प्रकरण आहे.

एकोणिसाव्या शतकांतील पुष्कळ नळ्या ‘दमास्कस’ पद्धतीच्या असत. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोंवतीं गुंडाळून, तापवून व ठोकून त्यांची नळी करीत; तिच्या अंगावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. काळ्या दारूला ही नळी पुरेशी होती. परंतु त्या दारूची राख ओलावा शोषून आंतून गंज चढवी. आणि शतकाच्या अखेरीस धूररहित दारूचा प्रसार झाला तेव्हां दाबाचें मानही बदललें. दस्ता शाबूत, चांप शाबूत, पण नळी मात्र झिजलेली, अशी अवस्था अनेक उत्तम बंदुकांची झाली.

नवी नळी बसविणें म्हणजे नळाला तोटी बसविणें नव्हे. १२ बोअरच्या नळीचा व्यास सुमारें ०.७२९ इंच, एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या असतां एका गोळीचा जो व्यास, तोच हा. जोडीच्या नळ्या तोंडाकडे किंचित् जवळ येतात, म्हणून दोहोंचा मारा एकाच लक्ष्यावर पडतो. त्यांच्या बुडाखालचा पोलादी गड्डा बिजागरीच्या खिळ्याशीं तंतोतंत जुळावा लागतो. कारागीर दिव्याची काजळी लावून बंदूक मिटतो, उघडतो, आणि जेथें काळा डाग उमटेल तेवढेंच कानशीनें घासतो. कानशीचा एक हात अधिक फिरला कीं सांधा ढिला पडला.

या कामाचा खर्च मोठा; म्हणून विसाव्या शतकांत दुसरी युक्ति रूढ झाली. जुन्या नळ्या बुडाकडील कांहीं इंच ठेवून कापावयाच्या, उरलेला भाग आंतून कोरावयाचा, आणि त्यांत नव्या नळ्या बसवून जोडावयाच्या. गड्डा जुनाच राहतो, म्हणून सर्वांत अवघड जुळणी वांचते.

येथें कायदा मध्यें येतो. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ सालीं सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. परीक्षेस न उतरलेली नळी विकणें हा १८६८ च्या कायद्यान्वयें गुन्हा होय. परीक्षेंत नेहमींपेक्षां जबर बार भरून नळी उडवितात. ती टिकली तरच तिच्यावर छाप पडतो. नव्या नळीलाही हें अग्निदिव्य चुकत नाहीं. आणि कापून जोडलेल्या नळीवर तसा स्पष्ट शब्द उमटवावा लागतो.

आंस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय, असें नागसेनानें मिलिंद राजाला विचारलें होतें. नळ्या बदललेली बंदूक जुनी कीं नवी, हा प्रश्न त्याच जातीचा. परीक्षागृह त्या वादांत पडत नाहीं. बदललेल्या वस्तूनें आपण बदललों आहों असें सांगावें, एवढाच त्याचा आग्रह; कारण बार उडतो तेव्हां नेमबाजाचा डावा हात नळीखालीं आणि डोळा तिच्या मागें असतो. मंदिर असो वा पोथी, जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येकानें हा नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. जुन्याला नवें अंग देणें हा उपकार. तें अंग जुनेंच म्हणून खपविणें ही फसवणूक.