फक्त गेमक्यूबसाठी

२००४ च्या ऑक्टोबरअखेरीस ओसाकाच्या कॅपकॉम या कंपनीने एक घोषणा केली. 'रेसिडेंट ईव्हिल ४' हा भीतीचा व्हिडिओ गेम निन्टेन्डोच्या 'गेमक्यूब' या यंत्रावर यायचा होता. आता तो पुढच्या वर्षी सोनीच्या 'प्लेस्टेशन २' वरही येईल आणि त्यात काही मजकूर जादा असेल, असं कंपनीने सांगितलं. मूळ गेम तोवर बाजारात आलेलाही नव्हता, त्याला अजून दोन महिन्यांहून जास्त अवकाश होता. त्याची वाट मात्र पाच वर्षं पाहिली जात होती, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं 'हा फक्त इथेच मिळेल' या शब्दाच्या भरवशावर. त्या भरवशावर कित्येकांनी गेमक्यूब विकत घेतला होता.

साहित्याच्या वाचकाला ही गोष्ट चमत्कारिक वाटेल, कारण पुस्तक कुठल्याही दिव्याखाली वाचता येतं. कन्सोलवरचा गेम असा मोकळा नसतो. त्याला ठरावीक कंपनीचं यंत्र लागतं. यंत्र विकून कंपनीला फारसं काही सुटत नाही, कधी कधी ते तोट्यातही विकलं जातं. खरी मिळकत होते ती त्या यंत्रासाठी निघणाऱ्या प्रत्येक गेमवरच्या परवाना शुल्कातून. म्हणून ज्या गोष्टीसाठी लोक रांगा लावतील अशी एखादी गोष्ट आपल्याच दारात बांधून ठेवायची, हा या धंद्याचा जुना डाव आहे.

सोनी आणि निन्टेन्डो यांचं वैर मुळात मोडलेल्या शब्दातूनच सुरू झालं. सोनीतले अभियंते केन कुतारागी यांच्या पुढाकाराने दोन्ही कंपन्या निन्टेन्डोच्या यंत्राला सीडीची जोड देण्याच्या कामाला लागल्या होत्या. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने आपलं 'प्ले स्टेशन' जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी त्याच प्रदर्शनात निन्टेन्डोने सांगितलं, की आम्ही हे काम हॉलंडच्या फिलिप्सबरोबर करणार आहोत. करारातल्या कलमांमुळे सीडीवरच्या गेम्सची सूत्रं सोनीकडे गेली असती, आणि निन्टेन्डोला ते नको होतं. पण चारचौघांत झालेला तो अपमान सोनीला झोंबला. ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये स्वतंत्र 'प्लेस्टेशन' विक्रीला आलं. निन्टेन्डोने आपल्या पुढच्या यंत्रातही कार्ट्रिजच ठेवलं. नव्वदीत आपल्याकडच्या मुलांनी ज्याला सरसकट 'कॅसेट' म्हटलं, ते हेच. ते झटपट चाले, पण महाग पडे आणि त्यात मावतही कमी असे.

२२ मार्च १९९६ रोजी कॅपकॉमचा 'बायोहॅझर्ड' प्लेस्टेशनवर आला, तेव्हा या फरकाचा अर्थ उघड झाला. शिंजी मिकामी यांनी दिग्दर्शित केलेल्या या गेमचं मूळ कॅपकॉमच्याच १९८९ च्या 'स्वीट होम' मध्ये होतं, आणि तो गेम कियोशी कुरोसावा यांच्या चित्रपटावर बेतलेला होता. एक जुनी हवेली, तिच्यात चालती प्रेतं, मोजक्या गोळ्या आणि कॅमेऱ्याचे न हलणारे कोन. खेळाडू एका दालनातून दुसऱ्यात जातो तेव्हा काळ्या पडद्यावर एक दार सावकाश उघडतं. ते दार मुळात सोय म्हणून आलं. सीडी मंद असते, पुढचं दालन वाचायला तिला काही क्षण लागतात, आणि ते क्षण झाकायचे होते. पण खेळणाऱ्याला त्या क्षणांत पलीकडे काय असेल याच्या विचाराने धडकी भरे. यंत्राच्या कमतरतेतून साहित्यातली एक जुनी युक्ती नव्याने हाती लागली होती. भयकथा लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, दार उघडल्यानंतरचं वाक्य सोपं असतं, कठीण असतं ते आधीचं.

नावाबद्दलही थोडं सांगायला हवं. अमेरिकेत 'बायोहॅझर्ड' हे नाव नोंदवणं अडचणीचं निघालं, म्हणून कंपनीतच स्पर्धा घेऊन 'रेसिडेंट ईव्हिल' ठरलं. म्हणजे वास्तूत ठाण मांडून बसलेलं अमंगळ. पहिल्या गेमला ते नेमकं बसतं. पुढे गोष्ट हवेलीबाहेर पडली, शहरात गेली, खेड्यात गेली, तरी नाव तेच राहिलं. २०१७ मध्ये सातवा भाग आला तो जपानमध्ये 'बायोहॅझर्ड ७ : रेसिडेंट ईव्हिल' म्हणून आणि बाहेर 'रेसिडेंट ईव्हिल ७ : बायोहॅझर्ड' म्हणून. मूळ आणि अनुवाद यांनी एकमेकांचं उपशीर्षक व्हावं, असं भाग्य आमच्या व्यवसायात सहसा कुणाला लाभत नाही.

दुसरा भाग १९९८ चा. तो दोन सीडींवर होता आणि प्लेस्टेशनवर त्याच्या सुमारे ५० लाख प्रती खपल्या. १९९९ मध्ये तोच गेम एका अमेरिकी चमूने निन्टेन्डोच्या ६४ मेगाबाइटच्या एका कार्ट्रिजमध्ये बसवून दाखवला, चित्रफिती पिळून पिळून. तंत्राचा तो अजब नमुना होता, पण त्यातून एवढंच सिद्ध झालं की निन्टेन्डोचं घर या गोष्टीला तोकडं आहे.

म्हणूनच सप्टेंबर २००१ मधली घोषणा अनेकांना खरी वाटेना. गेमक्यूब जपानमध्ये विक्रीला येण्याच्या तोंडावर कॅपकॉमने जाहीर केलं, की या मालिकेचे मुख्य भाग यापुढे गेमक्यूबवरच येतील. प्लेस्टेशन २ तोवर दीड वर्ष बाजारात होतं आणि धो धो खपत होतं. अशा वेळी सोनीच्या घरात वाढलेली गोष्ट निन्टेन्डोकडे का न्यावी? त्या काळची एक हकीगत सांगितली जाते. मायक्रोसॉफ्टही आपलं पहिलं एक्सबॉक्स घेऊन मैदानात उतरत होती. तिच्या माणसांना मिकामींनी विचारलं म्हणे, की सोनीच्या लेखी गेम म्हणजे मनोरंजन, निन्टेन्डोच्या लेखी खेळणं. तुमच्या लेखी काय? समोरून उत्तर आलं नाही. हकीगत घासूनपुसून गोळीबंद झालेली असणार, हे उघड आहे. पण कुठल्या यंत्रावर लिहायचं याला एखादा लेखक कोणाच्या छत्राखाली लिहायचं इतकं महत्त्व देत होता, हे तिच्यातून कळतं, आणि ते मला पटतं.

२००२ मध्ये पहिल्या गेमची नव्याने घडवलेली आवृत्ती आली, पाठोपाठ 'रेसिडेंट ईव्हिल झीरो' आला. दोन्ही देखणे होते, पण खप अपेक्षेइतका झाला नाही. हवेली आता ओळखीची झाली होती, तिची भीती वाटेनाशी झाली होती. त्यात गेमक्यूबच मागे पडत होता. शेवटपर्यंत तो २ कोटी १७ लाखांच्या आसपास खपला, तर प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पुढे गेलं. नोव्हेंबर २००२ मध्ये कॅपकॉमने गेमक्यूबसाठी पाच गेम एकदम जाहीर केले. सगळ्यांनी समजूत करून घेतली की पाचही फक्त तिथेच मिळणार. काही आठवड्यांतच कंपनीला खुलासा करावा लागला, की तसं बंधन फक्त 'रेसिडेंट ईव्हिल ४' ला आहे. पुढे 'डेड फिनिक्स' निघालाच नाही, 'व्ह्यूटिफुल जो' आणि 'किलर सेव्हन' प्लेस्टेशन २ वरही आले, आणि खऱ्या अर्थाने गेमक्यूबपाशी राहिला तो एकटा 'पी. एन. ०३', ज्याची कुणी फारशी वाट पाहत नव्हतं.

चौथ्या भागाची जुळवाजुळव तोवर अनेकदा विस्कटली होती. पहिला खर्डा प्लेस्टेशन २ साठी, हिदेकी कामिया यांचा. त्यासाठी चमूने युरोपात जाऊन गॉथिक वास्तूंची, दगडी फरशांची छायाचित्रं घेतली. पण जे तयार होऊ लागलं ते भिववण्यापेक्षा दिमाखाकडे झुकलं, आणि त्याचा २००१ मध्ये 'डेव्हिल मे क्राय' हा वेगळाच गेम झाला. दुसऱ्या खर्ड्यात नायक लिऑन एका किल्ल्यात शिरतो आणि काळं धुकं त्याचा पाठलाग करतं. तोही बाजूला पडला. तिसरा मे २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात दाखवला गेला. त्यात आकडा हाती घेतलेली एक भुताटकीची आकृती होती, सुरे घेतलेल्या बाहुल्या होत्या, आपोआप चालणारी चिलखतं होती आणि भ्रमाच्या वेळी निळं पडणारं घर होतं. भ्रमातलं आणि जागेपणाचं अशी एकेक जागा दोनदा घडवायची, हा खर्च पेलेना. मग झोंबींचा आणखी एक प्रयत्न झाला, तो जुनाच वाटला म्हणून सोडला.

त्या तिसऱ्या खर्ड्याची चित्रफीत आजही पाहायला मिळते. ती पाहताना होरेस वॉलपोलची १७६४ ची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' आठवल्याशिवाय राहत नाही. किल्ला, अवाढव्य चिलखत आणि घराण्याचा शाप हा सगळा ऐवज तिथलाच. वॉलपोलने ती कादंबरी आधी एका जुन्या इटालियन पुस्तकाचा अनुवाद म्हणून छापली होती. इंग्रजी गॉथिक कादंबरीचा जन्म एका खोट्या अनुवादकाच्या नावावर झाला, हे आम्ही मंडळी अधूनमधून अभिमानाने सांगत असतो.

अखेर मिकामींनी दिग्दर्शन स्वतःकडे घेतलं. हवेली गेली, झोंबी गेले, न हलणारा कॅमेराही गेला. कॅमेरा लिऑनच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. आता भीती भरदिवसा, स्पेनच्या एका चिखलट खेड्यात, विळे-कोयते घेतलेल्या, बोलणाऱ्या, एकमेकांना हाका मारणाऱ्या माणसांच्या रूपात चालून येते. स्पेनमध्ये युरो आल्यावरही या खेड्यात व्यवहार पेसेटांतच चालतो, आणि गावकऱ्यांच्या स्पॅनिशचा हेल मेक्सिकोकडचा आहे. स्पॅनिश जाणणाऱ्यांनी यावर भरपूर हसून घेतलं आहे. पण खेळताना ते खटकत नाही, कारण भाषा कळली नाही तरी मागून आलेल्या आवाजाचा अर्थ कळतो.

याच वाट पाहण्याच्या काळात मिकामींच्या तोंडचं एक वाक्य फिरू लागलं. हा गेम दुसऱ्या यंत्रावर आला तर मी माझं डोकं उडवून घेईन, असं ते म्हणाल्याची बातमी होती. इंग्रजीत ते दोन रूपांत फिरलं, कुठे डोकं तर कुठे हाराकिरी. जपानीत 'कुबी' म्हणजे मान, आणि 'कुबी कापणं' म्हणजे नोकरीवरून काढणंही. मान आणि नोकरी एकाच शब्दात राहत असलेल्या भाषेतला हा विनोद अनुवादात आला की त्यातला विनोद उडतो आणि रक्त तेवढं उरतं. गेमक्यूब घेतलेल्या माणसांनी तो शब्दशः धरला. त्यांना तो लेखकाचा शब्द वाटला होता. पण गेमचे हक्क लेखकाकडे नव्हतेच. ते कंपनीचे होते, आणि त्या वर्षांत कंपनी मोठ्या तोट्यातून बाहेर पडत होती. एका बाजूला दोन कोटी घरं, दुसरीकडे त्याच्या कितीतरी पट. हिशेबनीसाला यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

११ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेत गेमक्यूबवर गेम आला. त्याची स्तुती झाली ती आजवर ओसरलेली नाही. खांद्यामागचा तो कॅमेरा पुढे 'गिअर्स ऑफ वॉर', 'डेड स्पेस' आणि इतर कितीतरी गेम्सनी उचलला. ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन २ ची आवृत्ती निघाली. तिथे चित्र थोडं खालावलं होतं, कथाप्रसंग यंत्राने जागच्या जागी रंगवण्याऐवजी आधी टिपलेल्या चित्रफिती म्हणून घालावे लागले होते. पण 'सेपरेट वेज' हा एडा वाँगचा नवा कथाभाग तिथे होता, म्हणजे तीच रात्र दुसऱ्या पात्राच्या बाजूने. ज्यांनी शब्दावर विसंबून वाट पाहिली त्यांना उत्तम छपाई मिळाली, आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांना जास्तीचं प्रकरण. त्या वेळी गेमक्यूबवाल्यांनी केलेला त्रागा हास्यास्पद ठरवण्याची पद्धत आहे. मला तो हास्यास्पद वाटत नाही. एका गोष्टीसाठी त्यांनी अख्खं यंत्र घेतलं होतं. इतकी किंमत मोजणारा वाचक कादंबरीला कुठे मिळतो?

मिकामींचं डोकं शाबूत राहिलं, पण काही वर्षांतच त्यांनी कॅपकॉम सोडली. गेम मात्र त्यानंतर जवळपास प्रत्येक यंत्रावर गेला. २००७ मध्ये निन्टेन्डोच्या वीवर तो आला तेव्हा एडाचं प्रकरणही सोबत होतं. २४ मार्च २०२३ रोजी कॅपकॉमने तो नव्याने घडवून प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणकासाठी आणला. त्या यादीत निन्टेन्डोचं यंत्र नव्हतं. एडाचं प्रकरण सहा महिन्यांनी, सप्टेंबरात, वेगळे पैसे घेऊन विकलं गेलं.