हरकत कोणी घ्यायची?

देवलांच्या 'संगीत संशयकल्लोळ'चा प्रयोग रंगला की मध्यंतरात चहाबरोबर जे निकाल लागतात, ते कान देऊन ऐकावेत असे असतात. तळेगाव असो, लोणावळा असो की घाटाखाली मुंबई. माणसे बदलतात, शब्द फारसे बदलत नाहीत. "रेवतीचा गळा काय फिरतो!" "फिरतो खरा, पण दमसास आश्विनशेठचा." "हरकती जरा आवरायला हव्या होत्या. विनोदी पद आहे, बैठक नव्हे." "तरी दाद द्यायला हवी बरं का." या चार वाक्यांतले निम्मे शब्द कचेरीतून आलेले दिसतात. हरकत आणि दाद या दोघी तर थेट न्यायासनासमोर वावरणाऱ्या. त्या रंगमंदिरात शिरल्या कशा, आणि शिरताना त्यांनी जागांची अदलाबदल केली कशी, याचे कोडे मला फार दिवस मोह घालते आहे. कारण कचेरीत श्रोता (म्हणजे नागरिक) हरकत घेतो आणि दाद मागतो. नाटकात हरकत घेतो तो गायक, आणि श्रोता दाद देतो.

हरकत मूळची अरबी. 'ह-र-क' या धातूचा अर्थ हलणे, आणि 'हरका' म्हणजे हालचाल. अरबी वैयाकरणांनी हा शब्द फार सुंदर जागी बसवला आहे. व्यंजनावर जी अ, इ, उ यांची खूण येते ती 'हरका'. खूण असलेले अक्षर 'मुतहर्रिक', म्हणजे चालते, आणि नसलेले 'साकिन', म्हणजे स्वस्थ बसलेले. स्वर लागल्याशिवाय व्यंजन हलत नाही, ही कल्पना गवयालाही पटावी अशी आहे. फारसीत शब्द 'हरकत' झाला, अर्थ हालचाल हाच राहिला. हिंदी-उर्दूत त्याला खोडकरपणाचा वास लागला. तिकडे 'हरकतें' म्हणजे नको ते चाळे. मराठीत मात्र वळण निराळेच. जुन्या सनदा-पत्रांतून 'कोणी हरकत करू नये' अशा धाटणीचा मजकूर येतो, त्यावरून वाट अशी असावी: हालचाल, मग दुसऱ्याच्या कामात केलेली हालचाल, मग अडथळा, आणि शेवटी नुसता तोंडी किंवा लेखी विरोध. नगरपरिषदेच्या नोटिशीत 'हरकती व सूचना' मागवतात तेव्हा शब्दातली सगळी हालचाल गोठलेली असते. 'काही हरकत नाही' म्हणताना तर आपण मुळात 'काही हालचाल नाही' असे म्हणत असतो, आणि त्याचा अर्थ होतो 'खुशाल पुढे चला'!

गाण्याने मात्र मूळ अर्थ जपला. स्वरावरून स्वरावर जाताना गळ्याने केलेली ती चपळ, नाजूक हालचाल म्हणजे हरकत. तिच्या शेजारणी पाहा. 'गमक' हे 'गम्' धातूपासून, म्हणजे जाणे. 'फिरत' तर उघडच फिरण्यातली. 'मुरकी'चे नाते मुरकण्याशी, मान वेळावण्याशी असावे. हिंदीत कानातल्या एका दागिन्यालाही मुरकी म्हणतात. पदाची 'चाल'सुद्धा चालण्यातूनच आली, आणि त्याच शब्दाने आपण शत्रूवर चाल करून जातो. गळ्याने काय केले हे सांगायला मराठी कान चालण्या-फिरण्याचे शब्द शोधतो असे दिसते. वेगळी आहे ती 'तान'. ती 'तन्', म्हणजे ताणणे, यातली. तंतू तिचा सख्खा भाऊ. ग्रीक 'टोनॉस' याच घराण्यातला, आणि इटालियन ऑपेरातला 'टेनर' हा लॅटिनमधल्या 'धरून ठेवणे' अशा अर्थाच्या क्रियापदातून आला. तोही दूरचा चुलतभाऊ मानतात. 'ऑपेरा' म्हणजे लॅटिनमध्ये नुसते 'काम' किंवा 'कृती', आणि वेदातला 'अपस्', म्हणजे कर्म, हा त्याचा जुना नातलग. मिलानचा टेनर आणि आपला तानबाज गायक असे धातूपाशी येऊन भेटतात.

'दाणेदार तान' या शेऱ्यातही असाच शेजार आहे. फारसी 'दाना' आणि संस्कृत 'धाना' एकाच कणसातले. मावळात ही उपमा मात्र जपून वापरावी लागेल, कारण वडगावच्या भात संशोधन केंद्राचा इंद्रायणी तांदूळ शिजला की चिकट, मऊ होतो, दाणा दाण्याला बिलगतो. तशा तानेला कोणी दाणेदार म्हणणार नाही.

आता दाद. फारसीत 'दाद' म्हणजे न्याय. प्राचीन इराणी 'दात' म्हणजे कायदा, घालून दिलेली गोष्ट, आणि त्याचा संबंध संस्कृत 'धा' (ठेवणे) या धातूशी लावतात. पण इराणी भाषांत 'द' आणि 'ध' एकमेकांत मिसळून गेले, त्यामुळे 'दा' (देणे) यातून आलेले 'दाद', म्हणजे 'दिले', तेही उच्चाराने तंतोतंत तसेच. वाचकांनी इथे क्षणभर थांबावे: 'दाद देणे' यातला पहिला शब्द 'धा' घराण्यातला आणि दुसरा 'दा' घराण्यातला असावा, दोघे जुळे वाटतात, पण तसे नाहीत. न्यायाकडून कौतुकाकडे जाण्याची पायरी फारसीतच सापडते. तिथे 'बोलण्याला दाद देणे' असा वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ बोलण्याला न्याय देणे, म्हणजे उत्तम बोलणे. जो बोलतो त्याने विषयाला न्याय द्यायचा, मग जो ऐकतो त्याने बोलणाऱ्याला. मुशायऱ्यांतून आणि मैफलींतून ही दाद पुढे मराठीत आली असावी. कचेरीतली दाद मात्र तिच्याआधीपासून इथे नांदत होती: दाद मागणे, दाद लागणे, दादफिर्याद. आणि 'तो कोणाला दाद देत नाही' यात न्यायही नाही, कौतुकही नाही. उरली आहे ती केवळ दखल. माझ्या मते दाद या शब्दाचा गाभा तोच असावा. न्यायाधीश, रसिक आणि हट्टी माणूस, तिघांकडून आपण पहिली अपेक्षा करतो ती दखल घेण्याची.

कचेरी आणि रंगमंच यांनी एकाच शब्दाची दोन रूपे वाटून घेतल्याचे अधिक ठळक उदाहरण म्हणजे 'जवाब'. तमाशाच्या फडावर 'सवाल-जवाब' रंगतात, तिथे 'व' शाबूत. पोलीस चौकीत नोंदवतात तो 'जबाब', तिथे 'व'चा 'ब' झालेला. आणि तोच आणखी आक्रसून, धारदार होऊन 'जाब' झाला. तो बहुधा विचारलाच जातो. हाच 'व'चा 'ब' देवलांच्या नाटकाच्या कपाळावरही होता. 'संशयकल्लोळ' पदांसह गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली, देवल गेल्यानंतर काही महिन्यांनी, रंगभूमीवर आणले. पण त्याचा गद्य अवतार १८९३चा, आणि त्याचे नाव होते 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. अरबी 'तस्वीर', मराठी 'तसबीर'. मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनावरून आर्थर मर्फीने इंग्रजी नाटक लिहिले, त्यावरून देवलांनी मराठी. इतका प्रवास करूनही संशयाचे मूळ असलेले ते चित्र हरवले नाही. 'कल्लोळ' हाही पाहण्यासारखा. संस्कृतात 'कल्लोल' म्हणजे मोठी लाट. तुळजापूरच्या कल्लोळ तीर्थात पाण्याचा तो अर्थ अजून ओला आहे. आजच्या बोलीत मात्र कल्लोळ म्हणजे गलका. देवलांच्या मनात लाटा होत्या की गलका? नाटक पाहता दोन्ही असावेत. संशय एकावर एक चढत जातो आणि शेवटी सगळे एकदम बोलू लागतात.

दोघांच्या गाण्याला मराठीत 'युगुलगीत' म्हणतात आणि 'द्वंद्वगीत'ही. दुसरा शब्द मला अधिक प्रिय. द्वंद्व म्हणजे मुळात 'दोन-दोन', जोडी. त्यातून सुखदुःखासारख्या विरोधी जोड्या, त्यातून दोघांची झुंज. पाणिनीने द्वंद्व या शब्दाचे जे अर्थ नोंदले त्यांत 'रहस्य' हाही आहे, म्हणजे दोघांतच राहणारी गोष्ट. जोडी, झुंज आणि कुजबुज: विनोदी नाटकातल्या नायक-नायिकेच्या पदांची याहून नेमकी व्याख्या करता येणार नाही. 'जुगलबंदी'त 'युगल'चे 'जुगल' झाले आणि त्याला फारसी 'बंदी' चिकटली. ती बैठकीत शोभते. नाटकातली जोडी बहुधा एकदम गात नाही, एकाने पद टाकायचे आणि दुसऱ्याने पदानेच उत्तर द्यायचे. त्यामुळे प्रेक्षकांना तुलनेला मोकळे रान मिळते.

या तुलनेचा कळस ८ जुलै १९२१ रोजी झाला असावा. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. खाडिलकरांच्या त्या खेळकर नाटकात एरवी मानी सेनापती आणि श्रीमंताची लेक एकमेकांना जिंकतात. त्या रात्री दोन कंपन्यांचे दोन गळे समोरासमोर आले. एकाची तडफदार, चढती, बिजलीसारखी तान. दुसऱ्याची लडिवाळ, शब्दाला गोंजारणारी गायकी. सरस कोण, हा वाद घरोघर पुढे कितीतरी वर्षे चालला. केशवराव त्याच वर्षीच्या ४ ऑक्टोबरला गेले, म्हणून त्या वादाला फेरविचाराची संधीच मिळाली नाही. पुण्या-मुंबईची ये-जा करणाऱ्या नाटक मंडळ्यांची वाट १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेने, म्हणजे खंडाळा-लोणावळ्यावरूनच जाई.

आणि घाट म्हटला की 'दम' आलाच. दमसास हा शब्द नवलाचा आहे. 'दम' फारसी, म्हणजे श्वास; 'सास' हा संस्कृत 'श्वास'चा प्राकृतातून आलेला उतारा. म्हणजे दमसास म्हणजे 'श्वासश्वास'! कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट यांच्या पंगतीतला हा शब्द. परका आणि घरचा शेजारी बसवले की अर्थ भक्कम होतो, अशी मराठीची समजूत दिसते. त्यातही गंमत अशी की फारसी 'दम' स्वतः संस्कृत 'धम्', म्हणजे फुंकणे, याचा नातलग. शंख फुंकणाऱ्यासाठी संस्कृतात 'शंखध्म' असा शब्द आहे, त्यातला 'ध्म' तोच. उलट संस्कृतात 'दम' असा स्वतंत्र शब्द आहे, तो 'दमन'मधला, आवर घालणे या अर्थाचा. लोहगडाच्या पायऱ्यांवर दम लागतो तो फारसी. 'जरा दम धर' यातला कोणता? श्वास धर, की मन आवर? दोन्ही प्रवाह इथे मिळाले असावेत. 'दम देणे' म्हणजे धमकावणे, यात संस्कृतातल्या दमनाचा जोर अधिक जाणवतो. उर्दूत 'दम देना' म्हणजे भुलवणे, फसवणे.

श्वासाचा अभ्यासही याच घाटमाथ्यावरचा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापली आणि श्वासाला मोजमापाच्या कसोटीला लावले. प्राणायामात सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांबवतात. 'आयाम' म्हणजे लांबी, ताण. पुन्हा तानेचाच शेजार. गायकाचेही तसेच. श्वास झटकन भरायचा आणि बेताने खर्चायचा. पण विनोदी जोडपदात दमसासाची परीक्षा वेगळी असते आणि मध्यंतरातले पंच ती अनेकदा चुकवतात असे मला वाटते. तिथे उत्तर तत्काळ यावे लागते. समोरच्याची ओळ संपल्यावर श्वास घेतला तर प्रेक्षकांचे हसू आणि पद दोन्ही निसटतात. म्हणून समोरचा गात असतानाच, चेहऱ्यावर रुसवा किंवा संशय ठेवून, नकळत श्वास भरून ठेवायचा. लांब तान घेणाऱ्याचा दमसास दिसतो, हा दिसत नाही. हरकतीचेही तेच. ती शब्दाच्या शेवटी लोंबकळली तर अर्थ झाकते. नेमक्या खोचक अक्षरावर पडली तर बोलणाऱ्याने भुवई उडवल्यासारखे होते. 'विनोद' म्हणजे वि आणि नुद्, दूर ढकलणे. कंटाळा दूर ढकलायचा तर स्वरांनी शब्दाला ढकलून चालत नाही. म्हणून 'विनोदी पद आहे, बैठक नव्हे' हे मत मला सगळ्यांत जाणकार वाटते.

दाद पुरेशी झाली नाही की 'वन्समोअर'. हा शब्द आता पुल्लिंगी मराठी आहे: वन्समोअर घेतला, दिला, मिळाला. आपण इंग्रजीत ओरडतो, इंग्रज फ्रेंचमध्ये 'आँकोर' ओरडतात आणि फ्रेंच लॅटिनमध्ये 'बिस', म्हणजे दोनदा. पुन्हा ऐकण्याची हौस प्रत्येकाला शेजाऱ्याच्या भाषेतच बोलून दाखवावीशी वाटते. एका अर्थी तीही दाद मागणेच. म्हणजे न्याय देणारा श्रोता पुन्हा अर्जदार होतो.

राहता राहिला सर्वांत अस्सल शेरा: 'कणसूर'. 'बेसूर'मध्ये फारसी 'बे' आणि संस्कृत 'स्वर' आहेत, त्याचा उलगडा सोपा. कणसूर म्हणजे किंचित ढळलेला, सहज पकडता न येणारा. 'कण' म्हणजे अल्पसा भाग असे धरले तर अर्थ नीट जुळतो. पण हिंदीत 'कनसुरा' आहे, आणि तिकडे 'कन' हे बहुधा 'कान'चे आखूड रूप असते, जसे 'कनफटा', 'कनखजूरा'. मग हा कणभर चुकलेला सूर, की कानाला टोचणारा सूर? हिंदीतला 'न' मराठीत 'ण' होण्याची उदाहरणे आहेत, पण 'कर्ण'चा मराठीत 'कान' होतो, 'काण' नव्हे. त्यामुळे माझा कौल तूर्त 'कण'च्या बाजूने. नाणेमावळ, पवनमावळातल्या जुन्या भजनी मंडळींच्या बोलीत 'कानसूर' असे रूप निघाले, तर मात्र हा निकाल फिरवावा लागेल.