मोटारींपासून मुक्त वाटा
झाशीच्या इलाइट चौराह्यावर सायकलस्वाराला मोटारींच्या गर्दीतूनच वाट काढावी लागते. म्हणूनच याच उत्तर प्रदेशात २०१६ मध्ये इटावा ते आग्रा हा सुमारे २०७ किलोमीटरचा स्वतंत्र सायकलमार्ग झाला, ही मोलाची घटना होय. फ्रान्सच्या ग्रामीण भागात ‘व्हॉआ व्हेर्त’, म्हणजे मोटारींना मज्जाव असलेले हरितमार्ग, बहुधा जुन्या दळणवळणाच्या जागीच उभे राहिले. बर्गंडीत बंद पडलेल्या लोहमार्गावर जिव्री ते क्लुनी हा मार्ग १९९७ मध्ये खुला झाला. आगगाडीसाठी चढ मुळातच सौम्य राखलेला असल्याने तेथे मुले आणि वृद्धही सहज सायकल चालवतात. १६८१ मध्ये खुल्या झालेल्या मिदी कालव्याच्या काठच्या, घोड्यांनी नावा ओढण्याच्या वाटेवरही आज सायकली धावतात. झाशीजवळ पारिछा येथून निघणाऱ्या बेतवा कालव्याच्या काठाचाही असाच विचार व्हायला हवा.