पडद्यावरचा खेळ आणि मनाचा विसावा

दिवसभर कचेरीत डोके शिणवून संध्याकाळच्या गाडीने घरी परतणारा गृहस्थ आजकाल खिशातून फोन काढतो आणि त्यावर एखादा खेळ मांडून बसतो. हे काय चालले आहे असे कोणी विचारलेच, तर ‘जरा डोके हलके करतो’ असे उत्तर मिळते. पण स्टेशन आल्यावर तो उठतो, तेव्हा ते खरोखर हलके झालेले असते काय? पुष्कळदा गाडीत चढताना कपाळावर असलेल्या आठ्या उतरतानाही तशाच असतात. किंबहुना त्यांत एखादीची भर पडलेली असते. व्हिडिओ गेमने मनाचा शीण जाऊ शकतो काय, आणि शीण घालविणारा खेळ मुद्दाम रचावयाचा तर रचनाकाराला काय करावे लागते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर तर्कापेक्षा इतिहासातच अधिक चांगले सापडते.

खेळात दुःख विसरावे ही कल्पना काही नवी नव्हे. लिडिया देशात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तेथील लोकांनी फासे, चेंडू इत्यादि खेळ शोधून काढले. एक दिवस खेळून भूक विसरावयाची व दुसऱ्या दिवशी जेवावयाचे, असा क्रम त्यांनी १८ वर्षे चालविला, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. कथा खरी असो वा रचलेली असो. खेळ हा पीडिताचा आधार आहे, ही समजूत किती जुनी आहे हे तीवरून दिसते. यंत्रावरचा खेळ मात्र बाजारात आला तो या हेतूने नव्हे. तो आला तेव्हा त्याच्या शेजारी उभी होती ती नाण्यांची पेटी.

१९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीसाठी अॅलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ हा खेळ तयार केला. पडद्यावर दोन फळ्या आणि त्यांच्यामध्ये उड्या मारणारा एक ठिपका, एवढाच त्याचा संसार. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या एका मद्यगृहात पहिले यंत्र ठेवले आणि थोड्याच दिवसांत ते बिघडल्याची तक्रार आली. पाहावयास गेले, तो बिघाड कसला? पेटी नाण्यांनी गच्च भरल्यामुळे यंत्र अडले होते, अशी हकीकत सांगतात. त्या पेटीने पुढच्या सर्व खेळांची प्रकृती ठरविली. एका नाण्यावर खेळणारा अर्धा तास खेळत बसला, तर यंत्राच्या मालकाचे दिवाळे निघावयाचे! म्हणून खेळ असा हवा की माणूस लवकर हरावा. मात्र हरताना ‘थोडक्यात गेले’ असे त्याला वाटावे, म्हणजे त्याचा हात पुन्हा खिशाकडे जाईल.

१९७८ साली जपानमध्ये टोमोहिरो निशिकाडो यांनी टाइटो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला. त्यात आकाशातून शत्रूंच्या रांगा खाली उतरत येतात. यंत्राची शक्ती बेताची होती. शत्रूंची गर्दी असेपर्यंत त्यांची चाल मंद राही आणि गोळीबाराने त्यांची संख्या घटली की यंत्रावरचा भार कमी होऊन उरलेले भराभर धावू लागत. निशिकाडो यांनी हा दोष काढला नाही. उलट तोच खेळाचा प्राण झाला. जोडीला चार स्वरांचा एक जड ठेका शत्रूच्या चालीबरोबर जलद होत जाई. खेळणाऱ्याच्या छातीत धडधड व्हावी, याची जणू ती योजनाच होती. सारांश, ताण हा या खेळांत अपघाताने शिरलेला नव्हता. तो त्यांचा माल होता.

मग सर्वच ताण वाईट काय? येथे थोडे थांबावयास हवे. १९८४ साली मॉस्को येथे अलेक्सी पाजितनोव्ह यांनी ‘टेट्रिस’ रचला. वरून पडणारे आकार फिरवून एकमेकांत बसवावयाचे, एवढेच त्यात काम. हा खेळही उत्तरोत्तर जलद होतो आणि शेवटी खेळणारा हरतोच. तरीही असंख्य माणसांना त्यात शांत वाटते. या कोड्याची किल्ली मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात दिली होती. काम आवाक्याबाहेरचे असले की मन भयभीत होते, फार सोपे असले की कंटाळते. दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवर ते तल्लीन होते. विसावा म्हणजे केवळ निष्क्रियता नव्हे. पुढे २००९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ४० जणांना भीषण प्रसंगांची चित्रफीत दाखविली व अर्ध्या तासाने त्यांतील काहींना १० मिनिटे टेट्रिस खेळू दिले. खेळणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ती दृश्ये पुढील आठवडाभर इतरांपेक्षा कमी वेळा उभी राहिली. आकार जुळविण्यात गुंतलेल्या दृष्टीला भयाची चित्रे पक्की करावयास सवड मिळत नाही, असा त्याचा अर्थ लाविला जातो.

परंतु नाण्याच्या पेटीपासून दूर, केवळ मनाच्या स्वास्थ्यासाठी खेळ रचावयाचा प्रयत्न पाहावयाचा तर जेनोव्हा चेन यांच्याकडे वळले पाहिजे. शांघाय शहरात वाढलेला हा तरुण लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकावयास आला. लहानपणी दम्याच्या विकाराने त्याला रुग्णालयात पडून राहावे लागे. २००५ साली सहाध्यायांसह त्याने ‘क्लाउड’ हा खेळ केला, त्यात रुग्णशय्येवरचे एक मूल स्वप्नात आकाशात उडते आणि ढग गोळा करते. २००६ च्या ‘फ्लो’ या खेळात त्याने चिक्सेंटमिहाय यांचा सिद्धांतच वापरला: खोल पाण्यात उतरावे की वर यावे, म्हणजे खेळ किती कठीण असावा, हे खेळणाऱ्यानेच ठरवावयाचे. त्याच वर्षी केली सँटियागो यांच्यासह त्याने स्वतःची छोटी कंपनी काढली.

२००९ सालचा ‘फ्लॉवर’ हा या प्रयत्नांतला सर्वांत बोधप्रद खेळ होय. शहरातल्या एका खोलीत खिडकीशी कुंड्या आहेत. प्रत्येक कुंडीतले फूल स्वप्न पाहते आणि त्या स्वप्नात खेळणारा वारा होतो. हातातले यंत्र कलते करावे, की एक पाकळी कुरणावरून वाहू लागते. वाटेतल्या फुलांना स्पर्श होताच त्यांच्याही पाकळ्या मागे येतात. शत्रू नाही, गुण नाहीत, मरण नाही. हे इतके साधे रूप सहजासहजी साधलेले नाही. नेहमीच्या खेळांतली मंत्रशक्ती, चढत्या पायऱ्या, वेळेची मर्यादा ही साधने रचनाकारांनी करून पाहिली आणि एकेक करून टाकून दिली. कारण ती आली की खेळणाऱ्याचे लक्ष कुरणावरून उठून हिशेबाकडे जाई. मूर्तिकार दगडाला काही जोडीत नाही, नको ते काढून टाकतो. तद्वत विसाव्याचा खेळ हा मुख्यत्वे वजाबाकीने होतो.

मात्र सर्वच वजा करून चालत नाही, हेही येथेच दिसते. पाचव्या स्वप्नात अंधार पडतो. विजेचे लोखंडी मनोरे कडकडतात आणि त्यांना लागताच पाकळ्या करपतात. खेळणारा मरत नाही, पण दचकतो. त्यानंतरच्या स्वप्नात तेच लोखंड फोडून शहराला रंग आणावयाचा असतो, आणि त्यातली सुटका गोड लागते ती या काळोखामुळे. उन्हातून आल्यावाचून सावलीची किंमत कळत नाही. २०१३ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन कलासंग्रहालयाने हा खेळ आपल्या कायमच्या संग्रहात घेतला.

त्याच २००९ सालच्या जून महिन्यात फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ अवतरला. नांगरावे, पेरावे, कापावे. देखावा कसा सात्त्विक! पण पीक ठराविक वेळी तयार होई आणि आपण वेळेवर परतलो नाही तर सुकून जाई. माणसे कचेरीत, जेवताना, रात्री उठून या काल्पनिक शेताची काळजी वाहू लागली. २०२० च्या अखेरीस तो बंद झाला. परंतु त्याची युक्ती कित्येक फोनवरच्या खेळांत शिल्लक आहे. नाण्याची पेटी गेली नाही, तिने केवळ हिरवा शालू पांघरला. चेन यांच्याच कंपनीचा २०१९ सालचा ‘स्काय’ हा खेळ मोफत मिळतो आणि त्यातल्या वस्तूंच्या विक्रीवर चालतो. म्हणजे विसावा देऊ पाहणाऱ्यालाही पेटी अगदीच चुकत नाही.

याच्या शेजारी निन्टेन्डो कंपनीचा ‘अॅनिमल क्रॉसिंग’ ठेवून पाहावा. चिबा सोडून नोकरीसाठी क्योटोला आलेल्या कात्सुया एगुची यांना आप्तमित्रांची उणीव भासली, त्यातून २००१ साली हा खेळ जन्मला. त्यातले घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालते. रात्री दुकाने मिटतात, म्हणजे ‘आज पुरे’ असे खेळच सुचवितो. चार दिवस फिरकलो नाही तर फार तर तण माजलेले दिसते. २०२० च्या महामारीत घरात कोंडलेल्या लोकांनी त्याची नवी आवृत्ती त्या वर्षअखेरपर्यंत ३ कोटींहून अधिक संख्येने घेतली. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी, हा व आणखी एक खेळ खेळणाऱ्यांची पाहणी करून, अधिक वेळ खेळणे आणि मनाचे स्वास्थ्य यांत अल्पसा अनुकूल संबंध नमूद केला; परंतु खेळणे भाग पडते असे ज्यांना वाटे, त्यांचे स्वास्थ्य मात्र उणे आढळले.

श्रोतेहो, ‘भाग पडते’ या दोन शब्दांत सारे मर्म आहे. आपल्या घरांत सोंगट्या होत्या, पत्ते होते. स्वयंपाकघरातून हाक आली की डाव अर्धा टाकून मंडळी हसत पानावर बसत. आणि आपल्याच महाभारतात दुसरा खेळ आहे: एकदा सर्वस्व हरून, कसाबसा सुटून, इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागलेल्या युधिष्ठिराला निरोप येतो, आणि तो परत जाऊन पुन्हा फाशांपुढे बसतो. फासे तेच, भेद एवढाच की एका खेळातून उठता येत होते, दुसऱ्यातून नाही. वाटेवरच्या माणसाला परत बोलावणारा तो निरोप आज आपल्या खिशात वाजत असतो. तेव्हा नवा खेळ हाती घेताना त्यात चित्रे किती सुंदर आहेत हे पाहण्याआधी, आपण उठलो तर तो आपल्याला सुखाने उठू देईल काय, एवढे विचारून पाहावे. ज्यातून सुखाने उठता येते, त्यातच विसावा असतो.